शेवंतीकाकीचं नाक

बोरिवली पूर्वेला काजूपाड्याच्या उतारावर घाडीगावकरांचा मसाल्याचा डंक आहे. दुकान कसलं, एक अरुंद गाळा. आत दोन लोखंडी मुसळं दिवसभर उखळीत आपटत असतात आणि बाहेर पत्र्याच्या सावलीत शेगडीशी शेवंतीकाकी बसलेली असते. मार्च ते मे या तीन महिन्यांत त्या उतारावरून न खोकता गेलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. मराठी शाळेतली पोरं तर लांबूनच नाकाला रुमाल लावून पळत सुटतात.

काम नवराबायकोत वाटलेलं. चंद्रप्रकाशकाका डंक चालवतात, काकी भाजते. काकांचे वडील परळच्या गिरणीत होते. गिरणी गेली, बिऱ्हाड बोरिवलीला आलं, आणि घरात कुणाला दुसरं काही सुचेना तेव्हा गावाकडचा मसाला तेवढा सुचला. कुटणं कुणालाही जमतं, हे काका स्वतःच सांगतात. सगळी मेख भाजण्यात आहे. धणे जरा कमी भाजले तर मसाला कच्चा राहतो आणि श्रावणापर्यंत त्यात जाळी धरते. जरा जास्त भाजले तर अख्खं घर वर्षभर कडवट कालवण खातं आणि बोल सुनेला लागतो.

त्यामुळे बायका आपापल्या मिरच्या घेऊन येतात आणि मसाला होईपर्यंत समोरच्या स्टुलावर ठाण मांडून बसतात. मसाला दुसऱ्याच्या भरवशावर टाकून जाणारी बाई काजूपाड्यात जन्माला यायची आहे. बसून त्या वाट बघतात ती एका गोष्टीची. काकी कालथ्यावर चिमूटभर धणे उचलते, नाकाशी नेते, डोळे मिटते, आणि मग म्हणते, "झाला." एवढं झालं की बाईचा जीव भांड्यात पडतो. 'शेवंतीचं नाक' ही चीज दहिसरपासून कांदिवलीपर्यंत प्रसिद्ध होती.

आता एक गोष्ट सांगून टाकायला हवी. त्या प्रसिद्ध नाकाला गेली चार वर्षं कसलाही वास येत नव्हता.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नवराबायको दोघंही आजारी पडली. काकांना वास पंधरा दिवसांत परत यायला लागला. काकीला आलाच नाही. तिने खोबरेल तेल हुंगलं, अगरबत्ती हुंगली, शेवटी सुकटीचा डबा उघडून त्यात तोंड घातलं. सुकटीचासुद्धा वास येत नाही म्हटल्यावर ती मोरीत जाऊन रडली. काका बाहेर उभे राहिले, आणि थोड्या वेळाने दाराआडून एवढंच म्हणाले, "कोणाक सांगू नको."

पुढच्या मार्चमध्ये काकी शेगडीशी बसली ती देवाचं नाव घेऊन. पण गंमत अशी झाली की धणे बरोबर भाजले गेले. बडीशेप भाजली गेली, खसखस भाजली गेली, दगडफूल झालं. काकांनी मसाला जिभेवर ठेवला आणि मान हलवली. कसं जमलं ते काकीला कळलं नाही, आणि विचारावं कुणाला? फक्त गिऱ्हाइकं आपली तिच्या नाकाकडे बघत बसलेली. मग ती धणे उचलायची, नाकाशी न्यायची, डोळे मिटायची. दशावतारातल्या राजाने लाकडी तलवार उपसावी तसं. बघणाऱ्याला खरी वाटली म्हणजे झालं.

चार वर्षं असं निभावलं. मग फेब्रुवारीत संघमित्रा आली.

संघमित्रा विक्रोळीच्या कन्नमवार नगरातली. इंजिनिअरिंगच्या एका मोठ्या संस्थेत ती पीएचडी करत होती आणि यंत्राचं नाक बनवत होती. तिची आई महिला बचत गटात. गट मसाला विकायचा, पण भाजायला बसणारी बाई बदलली की मसालाही बदलायचा. आपोआप थांबणारी भाजायची कढई मिळाली तर बरं, असं आई म्हणाली आणि मुलीने ते मनावर घेतलं. तिच्या सरांनी विचारलं होतं, नाक तर तू बनवलंस, पण त्याला शिकवणार कोण? गटातल्या बायकांनी एका सुरात बोरिवलीचा पत्ता सांगितला.

काकीला नाही म्हणायचं होतं. पण काकांना केवढा आनंद! "कॉलेजातून माणसं येतात म्हटल्यावर काय, नाव होतंय ना आपलं," ते म्हणाले. काकीने त्यांच्याकडे असं काही पाहिलं की दुसरा माणूस गप्पच बसला असता. काका बसले नाहीत.

पोरगी गुणी होती. खोकत खोकत का होईना, काकीच्या शेजारी पाटावर बसायची. तिच्या त्या यंत्राच्या नाकाचा डबा केवढा, तर हिंगाच्या डबीपेक्षा थोडा मोठा. त्यात वास टिपणारे आठ चिमुकले ठिपके आणि एक चिप.

"एवढ्याशा डब्यात नाक?" काकीने विचारलं.

"नाक सोपं असतं काकी, खरी मजा त्याच्या मागे आहे," संघमित्रा म्हणाली. "आपल्या नाकातल्या कुठल्याच पेशीला धणे कळत नाहीत. एकीला थोडं हे कळतं, दुसरीला थोडं ते. सगळ्या आपापली बातमी मेंदूकडे पाठवतात. तिथे जी जोरात बोलते ती शेजारणीला गप्प करते. त्या गलक्यातून शेवटी एक ओळख उरते. हे धणे. हे जळलेले धणे."

"आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखाच की गो."

"सेम! फक्त इथे निर्णय होतो," संघमित्रा हसली. "आणि या पेशी सारख्या बडबडत नाहीत. काही बदललं तरच टिचकी मारतात. म्हणून मेंदूला एका बल्बएवढीही वीज लागत नाही. मी चिपमध्ये तशाच तारा जुळवल्यात. आता तिला फक्त कळायला हवं, 'झाला' म्हणजे नेमकं कधी. तुम्ही वास घेतला की मी बटण दाबणार. बाकीचं ती शिकेल."

काकीने कालथा खाली ठेवला. "मी वास घेतला की?" तिने पुन्हा विचारलं.

"हो. तुमचं नाक हेच तिचं पुस्तक."

मार्च गेला, एप्रिल गेला. घाणे लागत होते, बटण दाबलं जात होतं. काकीचा डावा हात आपल्या वेळेला गॅस बारीक करायचा, मग ती समोरच्या बाईकडे नजर टाकायची. बाई बघत असेल तर लगेच हुंगायची. बाई फोनवर बोलत असेल तर तिचं लक्ष येईपर्यंत थांबायची, कारण न पाहिलेल्या नाटकाचा उपयोग काय? डाव्या हाताकडे कुणीच बघत नव्हतं. सगळ्यांसारखी संघमित्राही नाकाकडेच बघत होती.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा झाली. डबा कढईवर टांगला, काकीला हात बांधून बसायला सांगितलं, कालथा संघमित्राच्या हातात. धणे भाजत आले. काकीला ते कळलं. डबा गप्प. धणे काळपटले. डबा गप्पच. धूर निघाला तेव्हा कुठे तो पीं करून वाजला. दुसऱ्या घाण्याला वाजला तो वेगळ्याच वेळी, पण उशिराच.

संघमित्राने चार दिवस तारा बदलल्या. मग पुन्हा चार दिवस. डोळे खोल गेले, जेवायचं भान राहिना. सरांनी तिला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. तोवर जमलं नाही तर मेंदूसारख्या तारांचा नाद सोडायचा आणि सगळे करतात तसं मोठ्या कॉम्प्युटरवर काम करायचं. तीन वर्षांची मेहनत कपाटात जाणार होती.

"काकी, माझीच जुळणी चुकलीय," ती एके दुपारी म्हणाली. "तुमचं नाक तर खोटं बोलणार नाही."

त्या दिवशी काकीला जेवण गेलं नाही. संध्याकाळी तिने काकांना सांगितलं, "त्या पोरीचा काम बुडतला माझ्यापायी. उद्या मी सांगतलंय तिका."

"खुळी झालंस काय?" काका डंक पुसत होते, त्यांचा हात थांबला. "सीझन संपू दे, मगे सांग. आता सांगितलंस तर एक बाई पायरी चढायची नाय."

"सीझन संपेल तेव्हा तिचापण संपलेला असेल."

काका पुन्हा डंक पुसू लागले. पण त्यांचंही चूक नव्हतं. जिला वास येत नाही अशा बाईकडे वर्षाचा मसाला कोण टाकेल? अठ्ठावीस वर्षं जे नाव कमावलं ते एका वाक्यात जाणार होतं. काकी अशी भित्री नव्हे, पण त्या रात्री तिने ठरवलं आणि मोडलं, असं चार वेळा केलं.

दुसऱ्या दिवशी संघमित्रा आली आणि तिने पिशवीतून पकड काढली. "आज सगळ्या तारा कापते आणि पहिल्यापासून जुळवते," म्हणाली. स्टुलावर नंदाताई सावंत बसल्या होत्या, पाच किलो बेडगी घेऊन. नंदाताई म्हणजे पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक आणि काजूपाड्याचं वर्तमानपत्र. यांच्यासमोर बोललेलं दुपारच्या चहापर्यंत देवीपाड्याला पोचतं. काकीला थांबता आलं असतं. पण पकड तारेला लागली.

"कापू नको गो," काकी म्हणाली. "तुझ्या डब्याचा दोष नाय. माका वास येणा नाय."

डंकाचा आवाज चालू होता म्हणून संघमित्राला नीट ऐकू गेलं नाही. काकांना गेलं असावं. त्यांनी डंक बंद केला. काकीने मग स्वच्छ सांगितलं, "मला वास येत नाही. कोरोनापासून. चार वर्षं झाली. हुंगते ते नुसतं दाखवायला. धणे त्याच्या आधीच झालेले असतात. कधी पाच सेकंद आधी, कधी वीस. तू दाबलेलं एकपण बटण खरं नाय."

नंदाताई उठल्या. मिरचीच्या पिशवीची गाठ मारली, आणि "बघते मी," एवढं बोलून उतार उतरून गेल्या. त्या सीझनला त्या परत आल्या नाहीत.

संघमित्रा रागावली. रागावणारच. "तीन महिने काकी! आणि मी माझ्यात चूक शोधतेय. एकदा बोलला असतात तर?" डोळ्यांत पाणी आणून तिने डबा पिशवीत टाकला आणि गेली. काका आत जाऊन बसले. काकी शेगडीशी एकटीच राहिली. लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि या दोन्हींच्या खाली कुठेतरी हलकंही वाटत होतं, त्याचाच तिला जास्त राग आला.

तीन दिवस ती पोरगी आली नाही. गिऱ्हाइकं निम्म्यावर आली. चौथ्या दिवशी सकाळी संघमित्रा पायरीवर हजर. पिशवीत कापूस, जाड हातमोजे, कानावरचे हेडफोन आणि ओढणी.

"मला झोप नाही तीन दिवस," ती म्हणाली. "रागाने नाही. एकच प्रश्न. वास येत नाही, तर मग धणे झालेले तुम्हाला कळतात कसे?"

"कळतात."

"पण कशाने?"

"ते मला माहीत असतं तर मी डॉक्टर झाले नसते?"

मग दोघींनी शोधायला सुरुवात केली. आधी ओढणीने डोळे बांधले. धणे बरोबर उतरले. जाड हातमोजे घातले. जरासा उशीर झाला, पण चालण्यासारखा. मग पुन्हा डोळे बांधून कानात कापूस घातला, वर हेडफोन दाबले, आणि काकीने धणे जाळले. साफ जाळले. तिने ओढणी, हेडफोन सगळं काढलं आणि कढईकडे बघत राहिली. अठ्ठावीस वर्षं भाजतेय, आणि आपण कानाने भाजतो हे तिला त्या क्षणी कळलं.

"थांब, ऐक," तिने नवा घाणा टाकला. "कच्चे धणे कालथ्याखाली जड वाजतात. खसखस असा आवाज. आता बघ, हलके झाले. आता टिणटिण. ऐकलंस? कालथापण हातात हलका झाला. आणि ही इथे नाकाच्या मुळाशी चुरचुर आली बघ, मिरची भाजताना येते तशी. वास नाय ही. चुरचुर."

"ती वेगळी नस आहे काकी!" संघमित्रा पाटावरून उठलीच. "झोंबणं वासाच्या नसेतून जात नाही, चेहऱ्याच्या नसेतून जातं. तुमची ती शाबूत आहे. म्हणजे वास गेला तेव्हा तुमच्या मेंदूने बाकीच्यांना कामाला लावलं. कुणाला न विचारता. तुम्हालाही न विचारता!" ती खाली बसली आणि कपाळाला हात लावून हसायला लागली. "आणि मी नुसतं नाक बनवत बसले. नाक एकटं कधी काही ठरवतच नाही."

काका दारात येऊन उभे होते. ते हळूच म्हणाले, "म्हणजे हिचा भाजणा बरोबरच होता?"

"काका, बरोबरच होतं. फक्त ते नाकात नव्हतं."

पुढचे बारा दिवस काजूपाड्याने नवीनच तमाशा पाहिला. कालथ्याच्या दांड्याला कंप टिपणारी एक टिकली चिकटवली, कढईपाशी माइक लावला, आणि दोन्हींच्या तारा त्याच चिपमध्ये, त्याच गलक्यात सोडल्या. बटण आता काकीच्या नाकावर नव्हतं. डावा हात गॅसकडे गेला की आपोआप नोंद व्हायची. नाटक बंद झाल्यामुळे काकीचा वेळही वाचला. काका तर भलतेच बदलले. नवी बाई आली की तेच आधी सांगायचे, "आमच्या हिला वास येत नाय हां, आधीच सांगतो. मसाला बघा, नाय आवडला तर परत आणा." काही बाया निघून जायच्या. काही कुतूहलाने थांबायच्या. थांबलेल्यांपैकी कुणी मसाला परत आणून दिला असं झालं नाही.

महिनाअखेरीला सर स्वतः आले. डब्याने धणे वेळेवर थांबवले. सर मान हलवत होते, तेवढ्यात संघमित्राने त्यांच्यादेखत नाकाची तार उपटली आणि पुन्हा घाणा टाकला. डबा थोडा चाचरला, पण कानावर आणि हातावर भिस्त ठेवून चार-पाच सेकंदांच्या फरकाने वाजला. सरांनी धणे हातात घेतले, चावून पाहिले. "एक इंद्रिय गेलं तरी न अडणारं यंत्र," ते म्हणाले, "हे तुला सुचलं कसं?" संघमित्राने शेगडीकडे बोट दाखवलं. मुदतीचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही.

जूनमध्ये विक्रोळीला, बुद्धविहाराच्या सभागृहात बचत गटासमोर कढई लागली. पन्नास-साठ बायका. संघमित्राच्या आईने काकीला पुढे खुर्ची दिली. यंत्राचा कालथा फिरत होता, धणे खसखसत होते, मग टिणटिणायला लागले, आणि डबा वाजला. गॅस आपोआप बंद झाला. सगळ्या बायका काकीकडे बघायला लागल्या. कुणीतरी वाटीत धणे घालून तिच्यासमोर धरले. "काकी, तुम्ही वास घेऊन सांगा."

काकी उभी राहिली. माइक वगैरे तिला जमत नाही, तिने तो बाजूला सारला.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. "कोरोनात गेला तो परत आला नाही. चार वर्षं लपवलं, कारण माझं पोट त्याच्यावर होतं. तुम्हाला येतो ना? मग तुम्हीच घ्या आणि मला सांगा."

वाटी फिरली. बायका हुंगत होत्या, दाताखाली फोडत होत्या, एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. मागून कुणीतरी ओरडलं, "झकास भाजलेत!" आणि मग सगळ्याच बोलायला लागल्या.

चहा आला तेव्हा एक बाई काकीजवळ येऊन उभी राहिली. पंचेचाळिशीची असेल. नाव शकु, आयटीच्या पोरांना डबे देते, असं तिने सांगितलं. हातातला चहाचा कप तिने तोंडाला लावला नव्हता.

"मलापण येत नाही," ती इतक्या हळू म्हणाली की काकीला वाकावं लागलं. "तेव्हापासूनच. घरात कोणाला सांगितलं नाही. परवा भात करपला, मुलीने सांगितलं. रोज सकाळी भीती वाटते काकी. वाटतं, आता सगळं संपलं."

काकीने तिच्याकडे पाहिलं. मोरीतलं आपलं रडणं तिला आठवलं. तिने शकुच्या हातातला कप काढून खुर्चीवर ठेवला, तिला हाताला धरून कढईपाशी नेलं, यंत्राचा कालथा सोडवला आणि तिच्या हातात दिला. वाटीभर कच्चे धणे कढईत टाकून गॅस लावला.

"डोळे मीट," काकी म्हणाली. "नाकाला विसर. आता नुसतं ऐक गो बाय, मी आहे इथे."